पेठेतला लॉज की कृष्णाकाठचा होमस्टे? पाटोद्याच्या पाहुण्यांना घेऊन तीन रात्री

आधीच सांगते, दोन्हीपैकी एकाचंही नाव देणार नाहीये. होमस्टेचं नाही कारण चारच खोल्या आहेत आणि परत जायचं झालं तर मलाच मिळायच्या नाहीत, आणि लॉजचं नाही कारण त्यांच्याशी माझं भांडण अजून चालू आहे (शेवटी सांगते).

तर झालं असं की जानेवारीत माझा आतेभाऊ सहकुटुंब आमच्याकडे पुण्याला आला, बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याहून. दादा, वहिनी, अकरा वर्षांचा सोन्या आणि आत्या, वय 76. नेमकं त्याच आठवड्यात आमच्या वन बीएचकेचं बाथरूम फोडलेलं, खालच्यांच्या छतातून पाणी गळत होतं म्हणून, त्यामुळे घरी ठेवणं शक्यच नव्हतं. गुरुवार ते रविवार, तीन रात्री. मी उत्साहात ठरवून टाकलं की एक रात्र शहरात, शनिवारवाडा वगैरे उरकायचं, आणि दोन रात्री वाईजवळ नदीकाठी, शांतता, चुलीवरचं जेवण, पहाटेचं धुकं. वहिनीला फोनवर सांगितलं तर ती दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, "ताई, ऊस अन् बैल बघायला आम्ही पुण्यापर्यंत यायचं व्हय?"

खरं सांगायचं तर मला राग आला होता. पण नंतर रात्री भांडी घासताना कळलं की नदीकाठ मला हवा होता, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकला मी वैतागलेली, आणि पाहुण्यांच्या नावावर मी माझीच सुट्टी बुक करत होते. मग उलटं केलं, दोन रात्री पेठेत, एक नदीकाठी.

आता लॉज. लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीत, चार खाटांची खोली, एसी नाही, रात्रीचे 1,900. लोकेशनला तोडच नाही, दार उघडलं की मंडई पाच मिनिटं, तुळशीबाग पाच मिनिटं, दगडूशेठ त्याहून जवळ. बाकी मात्र आनंद आहे. गरम पाणी सकाळी 6 ते 8, आणि ते 8 म्हणजे 7:40 ला संपतं. आत्या आंघोळीला गेली तेव्हा बादलीत अर्धं गरम अर्धं गार, म्हणाली असू दे, पण मला लाज वाटली. जिना इतका अरुंद की दादाची बॅग आडवी करून न्यावी लागली. पार्किंग विचारलं तर काऊंटरवरच्या काकांनी मान न वळवता बोट वर केलं, तिथे पाटी होती. पाटीवर काय होतं ते पुणेकरांना सांगायला नको. उशांची कव्हरं मात्र स्वच्छ होती, हे प्रामाणिकपणे लिहिते, आणि रात्री साडेदहानंतर गल्लीत चिडीचूप. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाची आहे.

शहरात काय आवडलं त्यांना? माझी यादी पार चुकली. शनिवारवाड्यात पंधरा मिनिटं. 1732 मध्ये वास्तुशांत झाली, 1828 च्या आगीत आतला वाडा जळाला, हे सगळं मी घसा फोडून सांगतेय आणि सोन्याने जोती बघून विचारलं, "आत्या, मग इथं बघायचं काय?" (मी त्याची आत्या, आणि माझी आत्या त्याची आजी, तीन दिवस आम्ही दोघी एकाच हाकेला ओ देत होतो.) दरवाज्यावरचे खिळे तेवढे आवडले त्याला.

त्याचं पुणे म्हणजे मेट्रो. मंडईला खाली उतरलो, कसबा पेठ स्टेशन गेलं आणि मी म्हटलं आता आपण मुठा नदीच्या खालून चाललोय, तर त्याने वर बघून छताला हात लावायचा प्रयत्न केला, जणू ओल लागेल हाताला. मग सिव्हिल कोर्ट, ते स्टेशन जमिनीखाली जवळपास 33 मीटर आहे, सरकते जिने संपतच नाहीत, आत्याने रेलिंग दोन्ही हातांनी धरून नामस्मरण सुरू केलं. तिथून गाडी बदलून वनाजच्या लाईनने डेक्कनपर्यंत गेलो तर तीच मुठा आता खिडकीतून खाली. सोन्या म्हणाला मगाशी नदी डोक्यावर होती आता पायाखाली. आत्याने मात्र काचेला नाक लावून पाणी बघितलं आणि विचारलं, "एवढं काळं का गं?" मी विषय बदलला. आपल्याच गावात नदी आहे आणि पावसाळ्यात भिडे पूल बुडाला की फोटो काढायला जाण्यापलीकडे आपण तिच्याकडे ढुंकून बघत नाही, हे पाहुण्यांना काय सांगणार.

वहिनीचं पुणे म्हणजे तुळशीबाग. मला वाटलं होतं गर्दीत बावरेल. कसली बावरते, दर आठवड्याचा बाजार कोळून प्यालेली बाई ती. एका भांड्यांच्या दुकानात पुरणयंत्र हातात घेतलं, जाळी उजेडाकडे धरून एक डोळा बारीक करून बघितलं, मग काठावरून अंगठा फिरवला कुठे धार राहिलीय का ते बघायला, दांडा चारदा गोल फिरवून कानाशी नेला. किंमत 650. ती म्हणाली 500. दुकानदार म्हणाले ताई फिक्स रेट आहे, पाटी वाचा. वहिनी म्हणाली, "दादा, मला वाचता येत न्हाय." वहिनी बी.ए. आहे. 520 ला आणलं. त्यानंतर राममंदिराच्या आवारात टेकलो, बाहेर एवढी झुंबड आणि आत चक्क कबुतरांचा आवाज येतो, नारो अप्पाजी खिऱ्यांनी पेशवाईत बांधलेलं हे देऊळ आम्ही पुणेकर क्लिपा आणि कानातली घ्यायच्या नादात दर वेळी विसरतो. संध्याकाळी सुजाताची मस्तानी, आत्याने वरचं आइस्क्रीम खाल्लं आणि खालचं दूध "गार हाय" म्हणून सोन्याला दिलं. मिसळीबद्दल वहिनीचं मत लिहित नाही, पुण्यात राहायचंय मला.

शनिवारी सकाळी स्वारगेटहून वाईची एसटी. गाडी काढायची का यावर चर्चा झाली पण दादाने हिशोब मांडला, आत्या 75 च्या वरची म्हणून तिकीट नाही, वहिनीला आणि मला अर्धं, सोन्याला अर्धं, अख्ख्या खानदानात पूर्ण तिकीट एकट्या दादाचं. खेड शिवापूरच्या टोलला थोडं थांबलो, खंबाटकी घाट चढताना सोन्याला उलटी होता होता राहिली, सुरूर फाट्याला गाडी वळली आणि अडीच-पावणेतीन तासांत वाई. स्टँडवरून रिक्षा.

होमस्टे नदीपासून शंभर पावलांवर. लांब ओसरी, समोर उसाचं रान, त्यापलीकडे कृष्णा. काकू स्वतः करतात सगळं, सोबत एक मदतनीस बाई. माणशी 1,600, दोन जेवणं, चहा, नाश्ता धरून, मुलाला निम्मे, म्हणजे आम्हा पाच जणांचे 7,200 एका रात्रीचे. लॉजच्या दोन रात्री 3,800 ला पडल्या होत्या, अर्थात जेवण वेगळं. महाग वाटलं का, तर जेवायला बसेपर्यंत वाटलं.

अंगणात पाटी, "अस्सल खेड्याचा अनुभव, चुलीवरचं जेवण". वहिनीने पाटी वाचली (आता वाचता आली), चूल बघितली, आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. "ताई, ह्याचे पैसे दिले तुम्ही? आमच्याकडं या, मी धूर फुकट दाखवते. गॅस आल्यापासून डोळ्याचं पाणी थांबलंय माझ्या." काकूही हसल्या, त्या म्हणाल्या आम्ही पण घरचा स्वयंपाक गॅसवरच करतो, चूल पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी. मला दोघींनी असं बघितलं की मी उठून ओसरीवर गेले. बैलगाडीची चक्कर पॅकेजमध्ये होती, सोन्या म्हणाला नको, परत मेट्रो कधी.

जेवण मात्र, काय सांगू. ज्वारीची भाकरी, वाघ्या घेवड्याची आमटी (हा घेवडा सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावकडचा, जीआय टॅग आहे त्याला), वांग्याचं भरीत, वर कच्च्या तेलातली चटणी. वहिनीने पहिली भाकरी मोडली, पापुद्रा सुटलाय का बघितलं, आणि काही न बोलता दुसरी घेतली. माझ्या मते याहून मोठं सर्टिफिकेट नाही. वाई म्हणजे मराठी विश्वकोशाचं गाव, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचं, हे मी जेवताना सांगायला गेले पण आमटीपुढे कुणाचं लक्ष नव्हतं.

दुपारी ढोल्या गणपती. रास्त्यांनी 1762 मध्ये बांधलेलं मंदिर, आणि बघण्यासारखी आहे ती त्याची मागची बाजू, भिंत माशासारखी निमुळती काढलीय, पूर आला की पाणी दोन्हीकडे फुटून जातं. दादा गवंडीकामाचे ठेके घेतो, तो दर्शन सोडून त्या भिंतीपाशीच वीस मिनिटं उभा. मग मेणवली, नाना फडणवीसांचा वाडा आणि खाली घाट. तिथली घंटा चर्चमधली आहे, चिमाजी आप्पांनी 1739 मध्ये वसई घेतल्यानंतर आणलेल्या घंटांपैकी, तिच्यावर बाळाला घेतलेली मेरी आणि 1707 साल कोरलंय. सोन्याला ही गोष्ट शनिवारवाड्यापेक्षा लई भारी वाटली, पोर्तुगीज कुठून आले, घंटा उचलली कशी, बैल किती लागले असतील.

पण आत्या. ती घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसली, चपला बाजूला नीट जोडून ठेवल्या, लुगडं पोटरीपर्यंत घेतलं आणि पाय पाण्यात सोडले. आम्ही वाडा बघून आलो तरी तशीच. चल म्हटलं तर म्हणाली बस जरा. मग पाण्याकडे बघतच विचारलं, "हे उन्हाळ्यात पण असतंय?" मी म्हटलं वर धोम धरण आहे ना. ती म्हणाली, "मांजरा आमच्याच तालुक्यात उगम पावती, अन् आमच्याकडं होळी झाली की टँकर." त्यात तक्रार नव्हती, नुसतं सांगत होती. वहिनीही येऊन बसली. जिला बैल नको, चूल नको, ऊस नको, तीच बाई अंधार पडेपर्यंत त्या पायरीवर होती, मधून मधून हाताने पाणी मागे सारत. मी खेडं दाखवायला आणलं होतं त्यांना, आणि त्यांनी त्यातली फक्त नदी बघितली.

आता तक्रार. शनिवारची रात्र. पलीकडच्या रिसॉर्टवर कुठल्या तरी कंपनीची पार्टी, स्पीकर रात्री पावणेबारापर्यंत. गजबजलेल्या पेठेत साडेदहाला झोपलेलो आम्ही, शांततेचे 7,200 भरून ओसरीवर जागे. काकूंनी दोनदा जाऊन सांगितलं, त्यांचा काही दोष नाही, पण बुकिंग करताना शनिवार टाळा असं सांगायला हवं होतं की नको? मोबाईलला रेंज ओसरीच्या एका खांबापाशीच येते, त्याला माझी हरकत नाही, घरून फोन लावणाऱ्या नवऱ्याला होती. पहाटे धुकं होतं, मी एकटीच उठले बघायला, बाकी सगळे घोरत होते.

तर स्टार द्यायचे म्हटलं तर होमस्टेला चार, एक शनिवारच्या रात्रीचा कापला. आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, एक रात्र पुरे, आणि पाहुणे गावाकडचे असतील तर चुलीचं कौतुक करू नका, सरळ घाटावर न्या. मुलांना पाण्यात उतरू देऊ नका, पायऱ्यांना शेवाळ आहे. तुम्ही आमच्यासारखे सोसायटीतले असाल तर मात्र दोन रात्री राहा, बैलगाडीत पण बसा, तुम्हाला आवडेल. लॉजला दोन, त्यातले दीड लोकेशनचे आणि अर्धा उशांच्या कव्हरांचा. वयस्कर माणूस सोबत असेल तर तो जिना आधी बघून या.

आणि भांडण असं की किल्लीचं म्हणून त्यांनी 500 डिपॉझिट घेतलं होतं, चेक-आऊटला सुट्टे नाहीत म्हणाले, संध्याकाळी जीपे करतो. आज फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. मी सात मेसेज केलेत, सातवर निळ्या टिका आहेत, आणि परवा त्याच नंबरवरून मला मकरसंक्रांतीच्या शुभेच्छांचं चित्र आलं.