सायकल कोळपे: हँडल उंचीप्रमाणे बसवले तरच कमरेला आराम

सोयाबीनमधील तणासाठी परभणीच्या एका वेल्डिंग वर्कशॉपमधून आम्ही दीड हजार रुपयांना सायकल कोळपे घेतले आणि यंदाच्या खरिपात वापरून पाहिले. पुढे सायकलचे चाक, मागे ९ इंची पास (मातीत तण कापणारे आडवे पाते) आणि ढकलण्यासाठी हँडल, इतकीच त्याची रचना आहे. दिवसभर उकिडवे बसून किंवा वाकून खुरपणाऱ्या बाईच्या कमरेवर, गुडघ्यांवर आणि मनगटावर जो ताण येतो, तो या अवजाराने खरोखर कमी होतो, कारण काम उभ्याने होते आणि जोर एकट्या मनगटाचा न लागता पायांचा व सगळ्या अंगाचा लागतो.

अडचण हँडलची आहे. दुकानात ते उंच पुरुषाच्या मापाने पक्के वेल्ड केलेले मिळते, आणि आमच्याकडे कोळपे चालवतात त्या बहुतेक बायका. हँडल छातीपर्यंत आले की कोपरे वर उचलली जातात, खांदे भरून येतात आणि संध्याकाळी मान धरते; फार खाली असले तर कंबर पुन्हा वाकतेच. ते कंबर आणि कोपर यांच्या दरम्यान यावे व ढकलताना मनगट सरळ राहावे. आमच्या सांगण्यावरून दुकानदाराने दांड्यांना ओळीने भोके पाडून नट-बोल्ट बसवून दिले आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, हे आवर्जून नोंदवावेसे वाटते. आता पान्याने हँडल वर-खाली करून सासू आणि सून दोघीही तेच कोळपे आलटून पालटून चालवतात. उघडी लोखंडी नळी तळहाताला रुतते, म्हणून सायकलच्या रबरी मुठीही घालून घ्याव्यात.

पास बोथट झाली की तेवढ्याच ओळीला कितीतरी जास्त रेटा द्यावा लागतो. त्यामुळे कानस जवळ ठेवावी. आपल्या काळ्या जमिनीत वापसा नसताना, म्हणजे माती कामाजोगी सुकलेली नसताना, चाकाला चिखल धरतो आणि खांद्यांचे हाल होतात. पेरणीनंतर १५ ते २० दिवसांत, तण कोवळे असतानाच पहिली कोळपणी केली, तर अंगावर फारसा भार येत नाही. ४५ सेंटीमीटरच्या ओळींत कोळपे सहज चालते, पण झाडांच्या बुडातील तण खुरप्यानेच काढावे लागते. तेवढी कंबरमोड शिल्लक राहतेच.

बनवणाऱ्यांनी हँडल सरसकट बोल्टचेच करावे. खर्च नगण्य आहे. खरेदीला जाताना मात्र जी बाई ते चालवणार आहे तिलाच सोबत न्यावे आणि दुकानासमोरच्या मातीत चार पावले ढकलून पाहू द्यावे.