डॉक्टरांची गाडी, सिंगल हँडेड

मी गेली बारा-पंधरा वर्षं लोकांना जुन्या गाड्या घेताना सल्ले देतोय. ऑफिसात कुणालाही सेकंडहँड गाडी घ्यायची असली की रविवारी सकाळी माझा फोन वाजणार, "येतोस का रे जरा बघायला". मी पण जातो, बॉनेट उघडतो, दाराचं रबर ओढून स्पॉट वेल्ड बघतो, ऑइलच्या झाकणावर बोट फिरवून वास घेतो, सगळं नाटक करतो. आणि असा हा मी, स्वतःच्या खिशातले ४ लाख ९० हजार देऊन पुरात बुडालेली गाडी घरी घेऊन आलो. चार महिने लाजेपायी कुणाला सांगितलं नाही. आता लाज वाटून संपली आणि का लिहितोय ते शेवटी कळेलच.

गाडी होती फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय, २०१६ ची. ज्यांना माहितीये त्यांना माहितीये. १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल, १०५ पीएस, १७५ एनएम आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. आपल्या चाकणला बनायची, २०२२ ला बंद झाली. बंद झाली त्या दिवशी मी खरंच अर्धा दिवस गप्प होतो, बायको म्हणाली कुणी गेलं का. तेव्हापासून चांगल्या जीटीवर डोळा होता. चांगल्या गाड्या कुणी विकत नाही आणि विकली तर साडेपाच-सहाच्या खाली सोडत नाही. त्यामुळे फेब्रुवारी २०२४ मध्ये ४ लाख ९० ला लाल रंगाची, ४६ हजार पळालेली दिसली तेव्हाच खरं तर मला थांबायला हवं होतं. मी काय केलं, हाफ डे टाकून पळालो.

हायवेजवळ पत्र्याच्या शेडचं यार्ड, वीस-पंचवीस गाड्या, सगळ्यांना टायर पॉलिश मारलेलं. तिथला मालक म्हणजे अगदी गोड माणूस. चहा, खारी, मग कथा. "साहेब, कोकणातल्या डॉक्टरांची गाडी आहे. सिंगल हँडेड. घर ते दवाखाना, बस." एमएच ०८, म्हणजे रत्नागिरी पासिंग. आता मला सांगा, आपल्याकडे विकायला असलेली प्रत्येक गाडी डॉक्टरांची नाहीतर बँक मॅनेजरची कशी काय असते? मग बाकीच्यांच्या गाड्या जातात कुठे? हा विनोद मीच दहा वेळा केलेला आहे. त्या दिवशी मात्र सुचला नाही, कारण माझं लक्ष त्या लाल रंगावर.

टेस्ट ड्राइव्हला निघालो, मोकळा रस्ता मिळाल्यावर पाय दाबला, आणि तो जो धक्का बसतो ना पाठीला, तिथेच व्यवहार झाला. बाकीचं सगळं मी फक्त स्वतःला पटवण्यासाठी बघितलं.

आणि गंमत बघा, पुरावा सगळा समोरच होता पण मला तो बोनस वाटला. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच आठवड्यातले, साइडवॉलवर ४४२१ छापलेलं, म्हणजे २०२१ सालचा ४४ वा आठवडा. मी खूश, डॉक्टरांनी एकदम सेट टाकलाय. बॅटरीवर पण २०२१ चीच तारीख. खालचं कार्पेट नवंकोरं, एक डाग नाही. सीटला नवीन लेदर कव्हर. हेडलाइट दोन्ही नवे, काच एकदम क्लिअर, आठ वर्षं जुन्या गाडीला पिवळेपणा नाही. मी मनातल्या मनात बेरीज करत होतो की टायरचे पंचवीस वाचले, बॅटरीचे सहा वाचले. ४६ हजार पळालेल्या, घर ते दवाखाना करणाऱ्या गाडीचं सगळं एकदम एकाच वेळी का बदलावं लागलं, हा प्रश्न पाचवीतल्या पोराला पडला असता.

इन्शुरन्सचा कागद मागितला तर फक्त थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरता, आपल्या गाडीचा नाही. त्याआधीची पॉलिसी? "अहो साहेब, डॉक्टर लोकांना कुठे वेळ, कागद सापडत नाहीत." इथे जरा थांबतो, कारण हे बऱ्याच जणांना माहिती नसतं. जुन्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीवर नो क्लेम बोनसचा आकडा असतो. क्लेम न घेता वर्षं गेली की तो २० टक्क्यांपासून चढत पाचव्या वर्षानंतर ५० पर्यंत जातो. मध्येच तो शून्यावर आला असेल तर एकतर क्लेम झालाय किंवा मध्ये पॉलिसी लॅप्स झालेली, दोन्हीपैकी काय ते विचारायचंच. आणि आधीची पॉलिसी द्यायलाच कुणी तयार नसेल तर तिथून उठायचं. मी उठलो नाही, दुसरी खारी घेतली.

गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मूळ मालकाची सही आधीच केलेली होती, विकत घेणाऱ्याची जागा कोरी. हे पण चुकीचं. म्हणजे मालकाने कधीतरी कोऱ्या कागदावर सह्या करून गाडी कुणालातरी दिली, त्याने पुढे कुणाला, मधल्या लोकांचं नाव कुठेच नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून रीतसर ऑथोरायझेशन घ्यावं लागतं आणि गाडी त्याच्या ताब्यात आली की तशी ऑनलाइन नोंद करावी लागते. ते सर्टिफिकेट दाखवा म्हणायला हवं होतं. मी म्हणालोच नाही. आणि वर मी पण एका डिलिव्हरी नोटवर सही केली, ज्यात छापलेलं होतं की गाडी तपासून, समाधान करून, जशी आहे तशी घेतली. वाचलं होतं का? वाचलं होतं. तरी केली.

पहिले तीन महिने मात्र स्वर्ग. खोटं कशाला बोलू. रविवारी पहाटे साडेपाचला चांदणी चौकातून निघायचं, पौडला चहा, पुढे मुळशीचं पाणी उजाडताना बघत ताम्हिणी उतरायचा, एस म्हणजे स्पोर्ट मोडमध्ये गाडी प्रत्येक वळणावर बरोबर गिअर धरायची, येताना मिसळ, घरी येऊन दोन बादल्या पाण्याने गाडी धुवायची, मायक्रोफायबरने पुसायची. सोसायटीतले काका रोज विचारायचे, "जावयाची गाडी आहे का?" इतकी पुसतोय म्हणून. मागच्या काचेवर उजव्या कोपऱ्यात मी ताम्हिणीच्या नागमोडी रस्त्याचं छोटं स्टिकर पण लावलं होतं.

मग जून आला.

पहिल्या पावसाबरोबर गाडीत वास सुटला. ओल्या गोणपाटासारखा, त्यात जरा नदीकाठासारखा. एसी लावला की जास्त. मला वाटलं केबिन फिल्टर, बदलला. वास तसाच. मग डाव्या मागच्या दाराची काच आपोआप अर्धी खाली यायला लागली. मग रिव्हर्स टाकला की वायपर. एकदा सिग्नलला उभा असताना हॉर्न वाजायला लागला आणि थांबेचना, पुढचा रिक्षावाला उतरून आला, त्याला काय सांगणार की दादा मी वाजवत नाहीये. आणि जुलैमध्ये भर पौड रोडवर गिअरचे आकडे लुकलुकायला लागले आणि गाडी न्यूट्रलला गेली ती गेलीच. टोचन करून आणली.

आमचा मेकॅनिक जुना माणूस, कमी बोलणारा. त्याने पुढचा सीटबेल्ट धरला आणि ओढत ओढत पार शेवटपर्यंत बाहेर काढला. आपण कधी इतका काढत नाही, अंगाला लागतो तेवढाच. आतल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर तपकिरी डागांची सरळ रेष. मग डिकीतलं स्टेपनी काढलं, खाली फोमच्या मागे बारीक वाळलेला गाळ, नखाने खरवडला तर पावडर. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले, डॅशखालचे कनेक्टर हिरवे पडलेले. त्याने हात पुसले आणि म्हणाला, "दादा, ही गाडी पोहून आलीय."

सर्व्हिस सेंटरला आरसी दाखवून जुनी हिस्ट्री काढली. आता मी मालक होतो म्हणून त्यांनी दिली. डिसेंबर २०१९ च्या सर्व्हिसला किलोमीटर ७१ हजार. आणि माझ्या मीटरवर २०२४ मध्ये ४६ हजार! हल्ली मीटर उघडावा पण लागत नाही, स्टिअरिंगखालच्या पोर्टला लॅपटॉप लावून मागे नेतात. गाडी घेण्याआधी मूळ मालकाकडून ही हिस्ट्री मागितली असती तर तिथेच खेळ खलास होता.

आरसीवर जुना पत्ता चिपळूणचा. बायकोचे मामा चिपळूणलाच, त्यांना फोन केला. मामांनी दोन दिवसांनी उलटा फोन केला. "अहो जावईबापू, डॉक्टर कसला, त्यांचं बाजारपेठेत दुकान आहे. २२ जुलैच्या पुरात त्या गाडीचा फक्त टप दिसत होता हो. आम्हाला विचारायचंत तरी आधी." २०२१ चा तो वाशिष्ठीचा पूर, आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितला होता, एसटी स्टँड पाण्याखाली, लोक पहिल्या मजल्यावर. त्या व्हिडिओंमध्ये गाड्या तरंगताना बघून मी हळहळलो पण होतो. त्यातलीच एक माझ्या पार्किंगमध्ये.

मूळ मालकाशी पण बोललो. त्यांचा काही दोष नाही, सरळ बोलले. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. तशी धरली, भंगाराची किंमत वजा करून कंपनीने पैसे दिले आणि भंगार एका व्यापाऱ्याने आरसीसकट उचललं. ती आरसी रद्द झाली असती तर गाडी रस्त्यावर आलीच नसती. पण अशी चालू आरसी असलेली बुडालेली गाडी म्हणजे या धंद्यात सोनं. सुकवायची, आतलं सगळं नवीन टाकायचं, घाट चढवून पुण्यात आणायची. पाणी वरून पुसता येतं, वायरिंगच्या आत शिरलेलं येत नाही, ते दोन-तीन वर्षं सावकाश खात बसतं. तोपर्यंत गाडी तिसऱ्याच माणसाच्या गळ्यात.

यार्डात गेलो तर तोच गोड माणूस मला ओळखेना. मग डिलिव्हरी नोट काढून दाखवली. चौकीत सांगितलं हे सिव्हिल मॅटर आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, वकिलांकडून नोटीस पाठवली. वकील म्हणाले जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ, ५ लाखांपर्यंत फी पण नाही, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत करायची, सर्व्हिस हिस्ट्री आणि विम्याचे कागद असले की 'जशी आहे तशी'च्या सहीला फार घाबरू नका. केस मजबूत होती. पण गिअरबॉक्सचं मेकाट्रॉनिक, म्हणजे गिअर बदलणारं इलेक्ट्रॉनिक युनिट, आणि वायरिंग मिळून एक लाख सत्तरचं एस्टिमेट, गाडी बंद, ऑफिसला रिक्षा, घरात रोज तोच विषय. नोटीस पोचल्यावर आठ दिवसांत तिकडून फोन आला, "साहेब, कशाला कोर्टकचेरी, गाडी आणा, बसून बोलू."

बसून बोललो. ३ लाख ६० हजार परत आणि गाडी त्यांच्याकडे. माझी काही तक्रार नाही असं लिहून घेतलं. १ लाख ३० चा चुना, वर इन्शुरन्स, ट्रान्सफर, टोचन, वकील वेगळं. सगळे म्हणाले सुटलास, बाकीच्यांना एवढं पण मिळत नाही. मला पण तसंच वाटलं. ही गाडी आता पुढे कुणाकडे जाणार हे मला त्या टेबलवर बसल्या बसल्या कळत होतं, आणि मी सही केली.

गेल्या आठवड्यात मोबाइलवर स्क्रोल करताना ती दिसली. लाल, २०१६, मीटर ४१ हजार, म्हणजे अजून मागे. किंमत ५ लाख ४०. 'डॉक्टर ओन्ड, सिंगल हँडेड, फक्त जाणकारांनीच फोन करावा.' नंबर प्लेट झाकलेली आहे, त्यामुळे एवढंच सांगतो, पुण्यात कुणी लाल जीटी बघायला जात असाल तर मागच्या काचेच्या उजव्या कोपऱ्यात तिरकं बघा. स्टिकर खरवडून काढलंय पण त्याचा डिंक गेलेला नाही, नागमोडी रेष अजून दिसते.