कलासंग्रहालयाचं सभासदत्व: आठ महिन्यांनंतर

शहरातल्या कलासंग्रहालयाचं वार्षिक सभासदत्व घेतलं तेव्हा हिशेब सोपा होता: दोन मोठी प्रदर्शनं पाहिली की पैसे वसूल. दोन्ही पाहून झाली. खरं सांगायचं तर तेवढ्यासाठी मी पुन्हा सभासद होणार नाही. रविवारी दुपारी गेलो आणि पहिल्या दालनात चित्रांपेक्षा लोकांच्या पाठीच जास्त पाहिल्या. शेवटच्या दालनापर्यंत लोक थकून जातात, तिथे गर्दी नसते, हे तिसऱ्या खेपेला लक्षात आलं. तेव्हापासून मी शेवटाकडून सुरुवात करतो.

पैसे वसूल झाले ते कागदावरच्या चित्रांच्या लहानशा दालनात. पहिल्यांदा तिथे इतका अंधार वाटला की अभिप्रायवहीत चिडून लिहून आलो. पुढे क्युरेटरबरोबरच्या फेरीत कारण कळलं आणि ओशाळलो. जलरंग आणि छापचित्रांवर साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर उजेड पडू देत नाहीत, कारण उडालेला रंग परत येत नाही. काही महिने भिंतीवर राहिलेलं चित्र मग बराच काळ पेटीत विसावतं. हेन्री वॉन या संग्राहकाच्या मृत्युपत्रानुसार १९०० साली इंग्रज चित्रकार टर्नरची ३८ जलरंगचित्रं एडिंबरोच्या राष्ट्रीय कलादालनाला मिळाली, ती एका अटीवर: दाखवायची फक्त जानेवारीत, तिथला उजेड सगळ्यात मंद असतो तेव्हा. आता आमच्या त्या लहानशा दालनात शिरलो की आधी दोन मिनिटं नुसता उभा राहतो. डोळे सरावले की मग जवळ जातो. छापचित्र ज्यावरून छापतात तो कोरलेला लाकडी ठोकळा झिजत जातो तशी उशिराच्या छापात रेषा तुटायला लागते, हेही त्याच फेरीत शिकलो. तुटकी रेषा शोधायचं वेडच लागलंय.

व्याख्यानांचं काही खरं नाही. एक अप्रतिम झालं, दोनदा वक्त्याने पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवला. रेखाटनाचा तास मात्र चुकवू नका. घडीचं स्टूल तिथेच मिळतं. पेन्सिल चालते, शाई आणि रंग नाही. चित्रकला येत नसली तरी बिघडत नाही, माझीही यथातथाच आहे. एका दगडी मूर्तीसमोर चाळीस मिनिटं बसलो, जागा मिळेना म्हणून कडेला सरकलो, तेव्हा दिसलं की तिची पाठ घडवलेलीच नाही, नुसते छिन्नीचे घाव. ती भिंतीला लागून उभी राहणार होती! समोरून कितीतरी वेळा पाहिली असेन.

तक्रारी आहेतच. नावनोंदणी कामाच्या दिवशी भर दुपारी उघडते आणि बघता बघता भरते. एकदा कार्यक्रम रद्द झाल्याचा निरोप मी दारात पोचल्यावर आला. आणि मंद उजेडात करड्या पाटीवर करडी, बारीक अक्षरं कोणाला सुचली असतील? उजेड वाढवता येत नाही हे मान्य, अक्षरं तर वाढवता येतात.

कागदावरची चित्रं पुढच्या महिन्यात उतरवणार आहेत. त्याआधीच्या फेरीसाठी नाव दिलंय. प्रतीक्षायादीत सातवा आहे.