ईपोल की आयओ-युरिंग? आधी कॉल मोजा

लिनक्सवरचा नेटवर्क सर्व्हर दमायला लागला की हल्ली पहिला सल्ला येतो, 'ईपोल सोडा, आयओ-युरिंगवर जा'. दोन्ही लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या सोयी, अनेक कनेक्शन एकदम सांभाळायला. जा हवं तर, पण आधी चालू सर्व्हरवर एसट्रेस (कॉल नोंदवणारं साधन) लावून एका रिक्वेस्टमागे किती सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलकडे केलेल्या मागण्या, होतात ते बघा. आकडा बघून बहुतेकांना थोडी लाज वाटते.

ईपोल जुना आणि मुरलेला. सॉकेट (कनेक्शनचं प्रोग्रॅममधलं टोक) वाचायला किंवा लिहायला तयार आहे एवढंच तो सांगतो. वाचणं-लिहिणं तुमच्याकडे, दर वेळी वेगळ्या कॉलने. पण त्याच्या नावावर खपणारा बराच खर्च आपलाच असतो. लिहायच्या आधीच ईपोलमधली सॉकेटची नोंदणी बदलून 'लिहायला तयार' कळायची वाट बघत बसायचं कशाला? थेट लिहून बघा, 'ईअगेन' (आत्ता जमत नाही, नंतर या) आलं तरच थांबा. हेडर आणि मजकूर दोन राइटने पाठवत असाल तर एका राइटव्हीत (अनेक तुकडे एकदम लिहिणारा कॉल) भागतं. एज-ट्रिगर्डवाले, म्हणजे स्थिती बदलली तेवढ्यापुरतीच सूचना घेणारे, 'ईअगेन' मिळेपर्यंत वाचत राहतात. टीसीपीवर मागितल्यापेक्षा कमी बाइट आले की कर्नलचा बफर (आलेला डेटा ठेवायची जागा) रिकामा झालेला असतो, पुढचा रीड फुकट. फक्त 'आरडीएचयूपी' इव्हेंटवर लक्ष हवं, नाहीतर समोरच्याने कनेक्शन बंद केल्याचं कळणारच नाही.

आयओ-युरिंग 2019 मध्ये कर्नल 5.1 सोबत आलं. कर्नल आणि प्रोग्रॅम यांच्यात दोन सामायिक रांगा: एकीत कामं टाका, दुसरीतून निकाल उचला. एका कॉलमध्ये कितीतरी कामं जातात. कर्नल 5.19 पासून नवं कनेक्शन स्वीकारणारं अ‍ॅक्सेप्ट आणि 6.0 पासून डेटा घेणारं रिसीव्ह एकदाच सांगून पुन्हापुन्हा चालू राहतं.

दुखणं बफरचं आहे, म्हणजे डेटासाठी तुम्ही दिलेल्या जागेचं. काम पुरं होईपर्यंत तो कर्नलच्या ताब्यात असतो. टाइमआउट झाला म्हणून तुम्ही तो मोकळा केलात, तर कर्नल नंतर त्याच जागेत लिहून मोकळा होईल. रस्ट भाषेत फ्यूचर (पुढे पूर्ण होणारं काम) अर्ध्यावर टाकून देणं सहज असतं, म्हणून तिथे हे जास्तच टोचतं. शिवाय सुरक्षेच्या कारणावरून गूगलने क्रोमओएसवर आयओ-युरिंग बंद केलं, आणि डॉकर कंटेनरच्या आताच्या डीफॉल्ट सेककॉम्प प्रोफाइलमध्येही (कुठले सिस्टिम कॉल चालतील त्याचे नियम) ते अडवलेलं असतं. म्हणजे ईपोलची वाट ठेवावीच लागते, आणि सांभाळायला दोन कोड.

लायब्ररी दुसऱ्यांसाठी लिहीत असाल तर मी ईपोलवरच थांबेन. मशीन आणि कर्नल तुमचे, हजारो कनेक्शनवर छोटे मेसेज, आणि वरची साफसफाई करूनही परफमध्ये (वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन) सिस्टिम कॉलच वर दिसतायत? मग खुशाल युरिंग. परफमध्ये वर जेसन पार्सिंग (जेसन मजकूर उलगडणं) दिसत असेल तर दोन्ही राहू द्या, पार्सर बदला.