ग्रीक बायबल डिक्शनरी अ‍ॅप: तीन स्टार, चौथा भाकरीने खाल्ला

आठ महिने झाले वापरतोय, त्यामुळे घाईत लिहिलेला रिव्ह्यू नाहीये हा. ग्रीक मला येत नाही, अक्षरं ओळखता येतात तेवढंच, आणि अ‍ॅप आहे पण असल्याच माणसांसाठी. इंग्लिश वचनातल्या कुठल्याही शब्दावर बोट ठेवलं की खालून चौकट वर येते, त्यात मूळ ग्रीक शब्द, स्ट्राँगचा नंबर (स्ट्राँगच्या जुन्या बायबल-शब्दकोशात प्रत्येक शब्दाला दिलेला क्रमांक), अर्थ आणि तो शब्द नव्या करारात, म्हणजे बायबलच्या ग्रीकमध्ये लिहिलेल्या भागात, कितीदा आलाय तो आकडा. फुकट आहे, नेट नसलं तरी चालतं.

आता तक्रार. आमच्याकडे रात्री जेवायच्या आधी प्रभूची प्रार्थना होते, 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे'. एकदा मुलीने विचारलं, पप्पा रोजची पण आणि आज पण, दोन्ही कशाला? मी ऐटीत फोन काढला, ही ओळ बायबलमध्ये जिथे आहे ते मत्तय ६:११ उघडलं, 'डेली'वर बोट ठेवलं. एपिऊसिओस, नंबर १९६७, अर्थ: डेली. संपलं. मुलगी म्हणे हे तर मला पण माहिती होतं.

पण त्याच चौकटीत कोपऱ्यात बारीक अक्षरात होतं, वापर: २. दुसरी जागा लूक ११:३, म्हणजे परत हीच प्रार्थना! झोप उडाली ना राव. शोधत बसलो तर कळलं की तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विद्वान ओरिजेन, ज्याची स्वतःची भाषाच ग्रीक, तोच म्हणतो की हा शब्द विद्वानांच्या लिखाणात नाही आणि लोकांच्या बोलण्यातही नाही, शुभवर्तमानं, म्हणजे मत्तय-लूकसारखी येशूच्या चरित्राची पुस्तकं, लिहिणाऱ्यांनीच घडवलेला दिसतोय. मग इजिप्तमधल्या एका पपायरसवर (लव्हाळ्यापासून केलेला जुना कागद), खर्चाच्या यादीत, हा शब्द सापडला म्हणून १८८९ मध्ये छापून आलं, सगळे खूश, आणि नंतर तो कागदच गायब. १९९८ मध्ये येल विद्यापीठात परत मिळाला, नीट वाचला तर तिथे तेल लिहिलेलं निघालं. तेल! किराण्याच्या यादीत दुसरं काय असणार म्हणा.

बरं, साधं 'रोजचं' म्हणायला ग्रीकमध्ये शब्द नव्हता असंही नाही, याकोब २:१५ मध्ये रोजच्या अन्नासाठी एफेमेरोस आहे. आणि लूकमध्ये तर शेजारीच 'दररोज' आहे, मग 'रोजची भाकर दररोज दे' असं कोण बोलतं?

सगळ्यात डोकं फिरलं ते स्ट्राँगची मूळ नोंद बघितल्यावर. १८९० चं पुस्तक ते, त्यात या शब्दापुढे आधी 'उद्याचा' दिलंय, मग 'जगायला लागेल तेवढा' हे जास्त शक्य वाटतं असं दिलंय, मग एक आडवी रेघ आणि रेघेनंतर 'डेली'. रेघेनंतरचा शब्द हा अर्थ नसतोच, किंग जेम्स बायबलमध्ये, म्हणजे जुन्या इंग्लिश बायबलमध्ये, भाषांतर काय केलंय ते असतं! अ‍ॅपवाल्यांनी रेघेआधीचं सगळं कापलं आणि शेपूट तेवढं 'अर्थ' म्हणून चिकटवलं. पाहुण्यांना पुरणपोळीचं नुसतं पातेलं दाखवल्यासारखं झालं हे.

आगापे, म्हणजे 'प्रेम' या ग्रीक शब्दाचं, उलटं केलंय. तिथे 'देवाचं निःस्वार्थ प्रेम' असा लांबलचक अर्थ ठोकून दिलाय, उपदेशात पण हेच ऐकतो आपण, पण २ तीमथ्य ४:१० मध्ये प्रेषित पौलाचा सोबती देमास जगाच्या प्रेमात पडून त्याला सोडून गेला तिथेही क्रियापद त्याच मुळाचं आहे. आता यात निःस्वार्थ काय आहे सांगा.

बाकी जाहिराती नेमक्या चौकटीवरच येतात, काही ग्रीक अक्षरांच्या जागी रिकामे डबे दिसतात, डार्क मोड चांगला आहे.

तरी अ‍ॅप काढणार नाही, कारण तो 'वापर'चा आकडा. नवीन कोणी घेत असेल तर अर्थ नंतर वाचा, आधी आकडा बघा आणि त्या सगळ्या जागा उघडून वाचा. डेव्हलपर साहेब, नोंद पूर्ण छापा, चौथा स्टार लगेच देतो.

आणि हो, जेरोमने, म्हणजे बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या जुन्या विद्वानाने, लिहून ठेवलंय की इब्री लोकांच्या एका शुभवर्तमानात तिथे 'माहार' होतं, म्हणजे उद्याची. हे मी मुलीला सांगायला नको होतं. ती आता मोठ्याने 'आमची उद्याची भाकर आज दे' म्हणते आणि तिची आई डोळे मिटलेले असतानाच मला कोपर मारते.