पॅच टेस्टचा अनुभव: पाठीला पाच दिवस त्रास, पण खाजेचं कारण एकदाचं सापडलं

मनगटावर घड्याळाचं बकल टेकतं तिथे आणि पोटावर जीन्सचं बटण लागतं तिथे, अशा दोनच जागी मला वर्षभर खाज, आधी लाल पुरळ मग पाणी सुटायचं मग कातडी जाड व्हायची. ॲलर्जीच्या गोळ्या खाऊन झाल्या, काही फरक नाही.

पॅच टेस्टच्या (पाठीवर पदार्थ चिकटवून करतात ती ॲलर्जीची तपासणी) आधी मी ऑनलाइन एक किट मागवलेलं, बोटाचं रक्त पाठवायचं आणि काय काय खायचं नाही त्याची ही भली मोठी यादी येते. कळकळीने सांगते, ते घेऊ नका. त्यात रक्तातल्या आयजीजी अँटीबॉडी (शरीर स्वतःच्या बचावासाठी बनवतं ती प्रोटीन्स) मोजतात, आणि आयजीजी सापडणं म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाल्लाय आणि शरीराला त्याची ओळख आहे एवढंच, तो ॲलर्जीचा पुरावा नाहीच. मी तीन महिने दूध, अंडी, गहू बंद केलं, वजन उतरलं आणि खाज होती तिथेच!

मग स्किनच्या डॉक्टरांकडे गेले. मला वाटलं प्रिक टेस्ट (कातडीवर थेंब टाकून सुईने हलकं टोचतात ती) करतील, पण मॅडमनी आधी विचारलं, "घड्याळ घातल्यावर किती वेळाने खाज सुटते?" म्हटलं दुसऱ्या दिवशी. म्हणाल्या, मग प्रिकमध्ये काही दिसणार नाही. शिंका, अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं हे लगेच होतं कारण तिथे आयजीई नावाच्या अँटीबॉडी कातडीतल्या मास्ट सेल नावाच्या पेशींवर आधीच बसलेल्या असतात, ॲलर्जीची वस्तू आली की त्या सेल आतलं हिस्टामिन, म्हणजे खाज आणि सूज आणणारं रसायन, बाहेर ओततात, म्हणून प्रिक टेस्टची गांध 15-20 मिनिटांत उठते. जेल आणि कूम्ब्स या शास्त्रज्ञांनी 1963 साली अशा रिॲक्शनचे चार टाइप पाडले त्यातला हा पहिला, माझा चौथा. यात अँटीबॉडी नाहीतच, काम टी सेलचं, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं. घामाने बकल-बटणाच्या धातूतलं निकेल सुटतं, कातडीत शिरून आपल्याच प्रोटीनला चिकटतं, आणि ज्या टी सेलनी ते आधी ओळखून ठेवलंय त्या तिथे गोळा होऊन सूज आणतात, पण त्यांना जमायला एक-दोन दिवस लागतात. गोळ्या का लागू पडल्या नाहीत तेही तेव्हाच कळलं, त्या हिस्टामिन अडवतात आणि इथे मुख्य भांडण हिस्टामिनचं नव्हतंच.

म्हणून माझी पॅच टेस्ट केली. ती अशी, पाठीवर छोट्या छोट्या चकत्यांच्या पट्ट्या चिकटवतात, प्रत्येक चकतीत वेगळा पदार्थ, निकेल, सुगंधी द्रव्यं, रबरातली केमिकल्स वगैरे, आणि बाजूला पेनाने खुणा. 48 तासांनी काढून बघतात, परत चौथ्या दिवशी बघतात. 48 तासांना माझी निकेलची जागा नुसती गुलाबी होती. चौथ्या दिवशी तिथेच फुगून बारीक पाण्याचे फोड, बोट फिरवलं तर हाताला लागत होते, आणि बाकीची पाठ एकदम साफ. त्यामुळे दुसरी व्हिजिट कोणीही टाळू नका, मी टाळली असती तर पक्कं काही कळलंच नसतं.

तक्रार एकच आणि ती क्लिनिकबद्दल. पाठ ओली करायची नाही, घाम येईल असं काही करायचं नाही हे मला पट्ट्या लावून झाल्यावर सांगितलं, तेही रिसेप्शनवर, आधी सांगितलं असतं तर मी तो आठवडा बघून निवडला असता. रात्री झोपही धड लागत नाही, पाठीवर खाज आणि खाजवायचं नाही. एक स्टार त्याचा कापला, बाकी चार मनापासून.

नंतर निकेल ओळखायचं लिक्विड मागवलं, कापसाच्या काडीवर दोन थेंब घेऊन वस्तूवर घासायचं, निकेल सुटत असेल तर कापूस गुलाबी होतो. किल्ल्या आणि बटण दोन्ही गुलाबी. ज्या बकलवर "स्टेनलेस" असं कोरलेलं होतं त्यावर तर कापूस सगळ्यात गडद झाला. आता कापडी पट्टा लावलाय, बटणाच्या आतून जाड कापड शिवलंय, आणि मनगट साफ व्हायला तीन आठवडे लागले.