हॉटेलांना चटणी देताय? उभ्या बँड सीलरचा अनुभव

आमची कांदा-लसूण चटणी आधी ओळखीच्या घरांतच जायची. हॉटेलांना माल द्यायचं ठरल्यावर पहिली खरेदी केली ती उभ्या कंटिन्यूअस बँड सीलरची, म्हणजे पिशव्यांची तोंडं उष्णतेनं सलग चिकटवत जाणाऱ्या मशीनची. मिरचीचा सीझन, कोल्हापूरचा पावसाळा आणि दिवाळीची गर्दी, तिन्ही या मशीनवर काढल्यावर लिहितोय.

चटणीसाठी उभंच मॉडेल घ्या. आडव्यात पिशवी झोपते आणि माल तोंडाशी येतो. उभ्यात भरलेली पिशवी पट्ट्यावर उभी सरकते, तोंड टेफ्लॉनच्या दोन बेल्टमध्ये धरलं जातं, आधी गरम आणि मग थंड ठोकळ्यांतून बाहेर पडतं. 1 किलोची पिशवी आरामात जाते. 5 किलोची असेल तर खालून हाताचा आधार द्यावाच लागतो.

खरी परीक्षा तेलाची. आपल्या चटणीत भाजलेलं खोबरं, तीळ, तळलेला कांदा, सगळंच तेलकट. तोंडाच्या आत चिमूटभर जरी राहिली तरी सील वरून चकाचक दिसतं आणि पिशवी दाबली की नेमकी तिथूनच हवा सुटते. नॉब फिरवून उष्णता वाढवली तर प्लास्टिक आक्रसतं, गळती तशीच. आम्ही लांब नळीचं नरसाळं पिशवीच्या पोटापर्यंत घालून भरतो, तोंड आतून कोरड्या सुती फडक्यानं पुसतो आणि प्रत्येक घाण्यातल्या पहिल्या काही पिशव्या पाण्याच्या बादलीत दाबून बघतो. बुडबुडा दिसला की काम बंद, आधी तोंडं तपासायची. हे केल्यापासून हॉटेलातून फुटक्या पिशवीची तक्रार आलेली नाही.

मशीनचं मला सर्वात आवडलेलं अंग म्हणजे तारीख आणि बॅच उठवणारं चाक. स्टेशन रोडवरच्या एका हॉटेलचे वस्ताद दर वेळी पहिलं विचारतात, "मिरची मागच्याच कांडपाची हाय न्हवं?" त्यांच्या तांबड्या रश्श्याचा रंग ब्याडगीवर आणि झणका संकेश्वरीवर. प्रमाण जरा हललं तरी तवंग फिका पडतो आणि गिऱ्हाईक बोलून दाखवतं. शिवणीवरचा बॅच नंबर वाचला की कोणतं कांडप ते आम्हाला तिथंच सांगता येतं. त्यांच्याच सांगण्यावरून 5 किलोची पिशवी कमी केली. भटारखान्यातल्या वाफेत उघडी पिशवी ओल धरते, गाठी होतात.

तक्रारी आहेतच. टेफ्लॉन बेल्ट झिजतो, कडेला जळतो. जादा जोड्या घरात ठेवा. शाईचा रोल तापायला वेळ घेतो, तोवरचे आकडे पुसट येतात. विक्रेत्यानं सर्व्हिसला माणूस पाठवायला फार उशीर केला, शेवटी शिरोलीच्या एका मिस्त्रींनी काम करून दिलं.

पिशवीवर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, 14 आकडी नंबर हवाच, तसा बिलावर उद्यम नोंदणीचा (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) नंबरही छापा. हॉटेलची उधारी लांबते. 2006 च्या एमएसएमई कायद्यानं लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे द्यावे लागतात. आम्ही पहिल्या ऑर्डरलाच हे शांतपणे बोलून घेतो.

ओलं वाटण देणाऱ्यांनी मात्र हे मशीन घेऊ नये. साधा बँड सीलर पिशवीतली हवा काढत नाही; ओल्या वाटणाला व्हॅक्यूमचं मशीन आणि थंड साठवण दोन्ही लागतं.